कार्बोरेटरवरची लाल रेघ

३ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

या घरात आल्यापासून जे झालं ते असं:

१. पहिल्या आठवड्यात चहाचा कप फुटला.
२. दुसऱ्या आठवड्यात झारी कुंडीवर पडली. कुंडी गेली. झारी ठीक आहे.
३. तिसऱ्या आठवड्यात आणखी एक कप.
४. तिन्ही वेळा वस्तू बाबांच्या डाव्या हातात होती.
५. तिन्ही वेळा बाबांनी मांजराला दोष दिला. तिसऱ्या वेळी मांजर माझ्या मांडीवर होतं.

बाबांचे मित्र आणि काकू सुट्टीवरून ३१ तारखेला त्यांच्या या घरी परततील. तोवर घर, कुंड्या आणि मांजर आमच्याकडे आहे. दोन आठवडे पाठ टेकू, मग किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन मोटरसायकलवर पुढे निघू, असं बाबाच म्हणाले होते. अर्धा प्रवास अजून बाकी आहे. पण रोज सकाळी ते सांगतात की कार्बोरेटर नीट नाही. मी तो नीट करते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बिघडलेला असतो.

आमच्या प्रयोगशाळेत एखादं उपकरण जुळवून झालं की स्क्रूवर लाल रेघ ओढतात, अर्धी स्क्रूवर, अर्धी बाहेर. स्क्रू कुणी फिरवला तर रेघ तुटते. मी काकूंचं नेलपॉलिश वापरलं. आठ दिवस रोज रेघ तुटली, रोज पाव फेरा. स्क्रू आपोआप सैल होतात, पण इतक्या शिस्तीत नाही. मांजर सोडलं तर घरात आम्ही दोघंच आहोत.

क्लच डाव्या हाताने दाबावा लागतो. वाटेत घाटात गाडीवरून पडल्यापासून बाबांना तो दाबवत नसावा. त्यांनी सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. मला गाडी येते, त्यांनीच शिकवली, पण त्यांच्या गाडीच्या हँडलला माझा हात लागलेला त्यांना खपत नाही. मी चालवते, त्यांनी मागे बसावं, एवढं तू त्यांना सांग. नाहीतर हा प्रवास इथेच संपेल.

तुझी,
भाची


१२ मे

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या आदल्याच दिवशी तुझ्या बापाचं पत्र आलं. लिहितो की पोरगी थकली आहे, कबूल करत नाही, म्हणून मीच गाडीचं निमित्त काढून बसलोय. आता गाडी जहाजाने पाठवून विमानाने परत येतो. तिला सांगू नकोस. आणि मी आत्ता तुला सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्याला साठ वर्षं माहीत आहे.

सात वर्षांचा असताना माझी सायकल घेऊन विजेच्या खांबावर आदळला. घरी येऊन म्हणाला, खांब मध्ये आला. तेव्हा खांब होता, आता मांजर.

पण तूही कमाल आहेस गं! बापाचा हात दुखतोय आणि तू स्क्रूवर रेघा ओढत बसलीस? चार पावलांवर बसलाय ना, जाऊन विचार की. परदेशात एका छपराखाली राहता आणि दोघं मला पत्रं लिहिता. मी काय टपालखातं आहे? मी मध्ये पडणार नाही. त्याला डॉक्टरकडे ने, स्वतः नीट जेव, आणि त्या मांजराची कुणीतरी माफी मागा.

तुमच्या दोघांच्या काळजीत असलेली,
आत्या


२० मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं. हात कसा आहे यावर बाबांचं उत्तर असं, की कार्बोरेटर नीट नाही. मग मी रेघेचं सांगितलं. त्यांनी आधी मांजराकडे बघितलं. मग म्हणाले, रेघ फार जाड ओढलीस, एवढ्या जाड रेघेवर बारीक फरक कळत नाही. ते बरोबर आहे.

डॉक्टरांच्या मते नस दबली आहे. तीन महिने क्लच बंद. मागे बसायला हरकत नाही.

काल मी गाडी फाटकाबाहेर काढली, पुढे बसले आणि इंजिन चालू केलं. हाक मारली नाही. चौदा मिनिटांनी बाबा हेल्मेट घालून आले आणि मागे बसले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. म्हणाले, क्लच सोडतेस की तराजूत सोनं टाकतेस. येताना त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. पकड अशी नव्हतीच. मी वेग कमी केला.

जहाजाच्या कचेरीचा कागद अजून त्यांच्या खिशात आहे. मागे बसून पुढे जायचं हे मित्रापाशी स्वतःचा निर्णय म्हणून सांगणं त्यांना जमणार नाही. थोरल्या बहिणीने ऐकलं नाही म्हणून जातोय, हे सांगणं जमेल. तसं ते बोललेले नाहीत. फक्त आत्याचं पत्र आलं का, हे कालपासून तीनदा विचारलं.

म्हणून त्यांच्या नावाने दोन ओळी लिही, की मागे बस आणि प्रवास पुरा कर. रागावून लिही. खांबाचा उल्लेख केलास तरी चालेल. मांजराची माफी मी मागितली आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे. तुझं पत्र शनिवार, ३० मेपर्यंत इथे पोचावं.

तुझी,
मोजपट्टी