चार नंबरच्या खिडकीतलं ग्रीक

३ मार्च, सकाळी ११.१०
तळपायाची आग मस्तकात गेली आहे. खिडकीतच बसून लिहितोय. रांग थांबेल दोन मिनिटं.
एका आजोबांनी डॉक्टरांचा कागद पुढे केला, काय लिहिलंय म्हणून विचारलं. सेफॅलॅल्जिया. मला येईना. एकवीस वर्षं या इस्पितळात चार नंबरच्या खिडकीत बसतोय. डॉक्टरांचा कागद घ्यायचा, पुढच्या तपासणीची तारीख टाकायची, शिक्का मारायचा. माणुसकी म्हणून उठलो आणि आत विचारायला गेलो. आत सोनेरी चष्मा. हा डॉक्टर इथे येऊन दीड वर्ष झालंय. पंधरा पेशंटसमोर म्हणाला, काका, तुम्ही शिक्का मारा, शब्दांचं आम्ही बघतो.
काका!
अर्थ निघाला डोकेदुखी.

३ मार्च, संध्याकाळी ७
निर्णय झाला. माळ्यावरून मुलीचं जुनं परीक्षेचं पुस्तक काढलं. ग्रीक आणि लॅटिन मुळं शिका, हजारो इंग्रजी शब्द आपोआप उलगडतात, असं पहिल्याच पानावर आहे. रोज वीस मुळं. महिन्याला सहाशे. चार एप्रिलला नव्या मदत कक्षाच्या जागेसाठी मुलाखत आहे. काचेची केबिन, फिरती खुर्ची. इंग्रजी चांगलं हवं असं नोटिशीतच लिहिलंय. एकदा त्या खुर्चीत बसलो की सोनेरी चष्म्याला बघून घेतो.
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, आधी माळ्याचं दार लावा. या घरात विद्येची किंमत नाही.

५ मार्च
मुलाखतीसाठी मास्तरांकडे कोट शिवायला टाकला. मास्तर म्हणजे आमच्या इमारतीखालचे शिंपी. तीस वर्षांची ओळख. छातीचं माप दोन इंच वाढलंय म्हणाले. मी म्हटलं, ज्ञान आहे ते. मास्तर हसले, हसता हसता ठसका लागला. पाणीसुद्धा घोट घोट, थांबत थांबत प्यायले. कोट पंचवीसला नक्की.
आजची मुळं: ११. उरलेली नऊ उद्या.

९ मार्च
आजची मुळं: ४. दोष माझा नाही, तीन नंबरच्या बाईंचा आहे. बाई शेजारच्या खिडकीत असतात. कुणी काही विचारलं की खिडकी बंद करून उठतात, चला दाखवते म्हणतात, आणि त्या माणसाला पार एक्स-रेच्या दारापर्यंत पोचवून येतात. तोवर त्यांची रांग माझ्या डोक्यावर. अशाने माणसाने शिकायचं कधी?
वर बाईंनीही मदत कक्षासाठी अर्ज केलाय! ज्यांना एंडोस्कोपी म्हणता येत नाही, एंड्रोकॉपी म्हणतात, त्यांनी! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

१२ मार्च
प्रोक्रॅस्टिनेट. प्रो म्हणजे पुढे, क्रास म्हणजे उद्या. काम उद्यावर ढकलणे. फारच सुंदर शब्द. यावर सविस्तर टिपण काढायचं आहे. उद्या काढतो.

१६ मार्च, दुपारी
सापडलं! सगळं बिंग फुटलं!
केफाले म्हणजे डोकं, अल्गोस म्हणजे दुखणं. सेफॅलॅल्जिया, डोकं दुखतंय. मायाल्जिया, स्नायू दुखतायत. आर्थ्राल्जिया, सांधे दुखतायत. सकाळपासून पंचवीस कागद उलगडले. अरे चोरांनो! माणूस आत जाऊन सांगतो की डोकं दुखतंय. तुम्ही त्याचंच बोलणं ग्रीक करून त्याच्या हातात परत देता? आणि तो बिचारा कागद छातीशी धरून तासभर रांगेत उभा! डोंगर पोखरून उंदीर काढायचा, आणि तो उंदीरही पेशंटने घरून आणलेला.
आता एकेकाला खिडकीतच उलगडून सांगणार. मदत कक्ष काय वेगळा असतो?

१९ मार्च
आज मास्तर खिडकीवर आले. महिनाभर घास अडकतो म्हणून आत दाखवून आले होते. कागदावर डिस्फेजिया, खाली एंडोस्कोपी, आणि त्याखाली लाल शाईत अर्जंट. मास्तरांचं तोंड एवढंसं झालेलं. घशातून नळी घालणार, त्याची धास्ती.
मी रांग थांबवली. म्हटलं, हे बघा मास्तर, डिस म्हणजे त्रास, फेजिन म्हणजे खाणं. खायला त्रास होतो. हे तर तुम्हीच त्यांना सांगितलंत! एंडो म्हणजे आत, स्कोप म्हणजे बघणं. म्हणजे यांना काही कळलेलं नाही, आता आत डोकावतो म्हणतायत. मास्तरांनी दोनदा विचारलं, खरंच काही नाही ना? मी म्हटलं, शब्दात जेवढं आहे तेवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. माझ्या ज्ञानाचा पहिला रुग्ण.
राहिलं अर्जंट. हाही लॅटिनच, मूळ अर्थ रेटणे. त्या सोनेरी चष्म्यावाल्या पोराने मला रेटायचं कारण नाही. मास्तरही म्हणाले, तुमचा कोट होऊन जाऊ दे आधी. बारा एप्रिल टाकली आणि शिक्का मारला. एकवीस वर्षांत शिक्का मारताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.
आजची मुळं: ३, पण वापरात आणलेली.

२६ मार्च
कोट नाही! काल तयार होणार होता, आज फक्त ट्रायल. डावी बाही इंचभर आखूड. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी बोललो, चांगलाच बोललो. मास्तर ऐकून घेत भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या बायकोने सांगितलं की आठ दिवस नुसतं दूध आणि पेज, तेही निम्मं बाहेर येतं. मग काय झालं? कोटाला दात लागतात का?
आणि या शिंप्याची स्वतःची पँट कमरेला नाडीने आवळून बांधलेली! चार टाके मारून आत घ्यायला काय झालं होतं? आळस, दुसरं काय.

१ एप्रिल
दुकानाचं शटर खाली. तीन दिवसांवर मुलाखत. क्रास, क्रास, क्रास! शिंपी आणि सोनार यांनीच हा शब्द काढला असणार.
आजची मुळं: शून्य. रागात मेंदू काम करत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

२ एप्रिल, दुपारी ३
खिडकीला बंदची पाटी लावून मागे उजळणी करत होतो. जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात मास्तरांची बायको मास्तरांना धरून घेऊन आली. मी दिसलो नाही म्हणून तीन नंबरकडे गेली. बाईंनी कागद पाहिला. शब्द त्यांना कळला असण्याची शक्यताच नाही. नुसती लाल शाई पाहिली आणि मास्तरांना विचारलं, काल काय जेवलात? मास्तर म्हणाले, पाणी उतरत नाही. बाईंनी चाकाची खुर्ची आणली आणि स्वतः ढकलत थेट सोनेरी चष्म्यापुढे नेऊन उभी केली. माझी तारीख, माझा शिक्का, आणि ढवळाढवळ यांची! लेखी तक्रार करणार.

४ एप्रिल
मुलाखत. जुना स्वेटर घालून गेलो, कोटाअभावी. त्यांनी विचारलं, एखादी म्हातारी बाई घाबरून एक्स-रे कुठे आहे असं विचारू लागली, तर काय सांगाल? मी रेडियस या लॅटिन शब्दापासून सुरुवात केली. किरणांपर्यंत पोचलो तोच थांबवलं. वशिलेबाजी. बाईंना तोच प्रश्न होता. म्हणे, सांगणार काय, घेऊन जाईन.

७ एप्रिल
बाईंना खुर्ची मिळाली. पेढे वाटत होत्या. घेतला नाही. नंतर ड्रॉवरमध्ये सापडला, तो खाल्ला. फेकून कशाला द्यायचा.

९ एप्रिल
मेमो. अर्जंट लिहिलेल्या पेशंटला चोवीस दिवसांनंतरची तारीख का दिली, लेखी खुलासा करा. मास्तरांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली आहे. खुलासा लिहायला बसलो. पेशंटच्या विनंतीवरून, असं लिहिलं. हिने मागून वाचलं. म्हणाली, बाकीचं ग्रीक राहू दे, तो लाल शब्द तर तुम्हाला आधीपासून येत होता ना?
जेवलो नाही. पान फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

१२ एप्रिल
आजची तारीख माझ्याच शिक्क्यातली.
वॉर्डात गेलो. मास्तर उशीएवढे झालेत. गुरुवारी ऑपरेशन. मी काही बोलायच्या आत त्यांच्या बायकोने कोट पुढे केला. बाही इंचभर सोडलेली, बटणं तिने लावली. मास्तर म्हणाले, बाहीची चूक जिवाला लागून राहिली होती.
मग उशीखालून नवा कागद काढला. रात्रभर छातीत धडधडतंय म्हणाले, तुम्हीच वाचा, तुमच्या तोंडून ऐकलं की भीती जाते.
इसोफॅजेक्टॉमी. लांबलचक शब्द. फेजिन माझ्या ओळखीचं. शेवटचं एक्टॉमी पान त्रेसष्टवर, खाली दोन रेघा मारलेल्या. कापून काढणे. सगळा शब्द उलगडला, अन्ननलिकाच काढणार. एवढा लांब शब्द पहिल्यांदाच, एका दमात. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते.
म्हटलं, मास्तर, हा मला येत नाही.
सोनेरी चष्म्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. त्याने विचारलं, काय हवंय काका? मी म्हटलं, एक शब्द कळत नाही, जरा येऊन मास्तरांना सांगता का? तो आला. खाटेच्या कडेवर बसला आणि अर्धा तास साध्या शब्दांत सांगत होता. एकही ग्रीक शब्द नाही. मी कोट हातावर घेऊन दाराशी उभा होतो.
आजची मुळं: शून्य.