पाहुणा दहा दिवसांचा

९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं ठीक चाललंय. लाँड्रीतली इस्त्री तीच, मालकीणबाईंची कुरकुरही तीच. आपल्या जिन्यातला दिवा एकदाचा लागला.

तू आणलेलं नाताळचं झाड यंदा गेलं. चार वर्षं आईने ते कुंडीत जगवलं होतं. नर्सरीवाल्याने तेव्हाच बजावलं होतं, "घरात दहा दिवस, वर एक नाही. उबेत राहिलं तर त्याला वाटेल थंडी सरली." तेव्हापासून आई त्याला पाहुणा म्हणायची. दहा दिवस झाले की आम्ही दोघी कुंडी गोणपाटावर ठेवून ओढत गॅलरीत न्यायचो आणि आई म्हणायची, "या हं पुन्हा."

यंदा तिने नेऊ दिलं नाही. "तो येऊन बघेल, मग जाईल बाहेर." तो म्हणजे तू.

जानेवारीत झाडाला कोवळे शेंडे फुटले. आई हरखली. "बघ, यालासुद्धा कळलंय." मीही मान डोलावली. नर्सरीवाल्याचं बोलणं दोघींनाही पाठ होतं, पण त्या हिरव्या शेंड्यांपुढे आठवलं कुणाला? पुढे सुया गळायला लागल्या. रोज सुपलीभर निघायच्या.

तू येणार हे तिला कुणी सांगितलं, असं तुला वाटेल. मी सांगितलं. डिसेंबरात तिने जेवण टाकलं होतं. सारखं एकच, "त्याचा फोन?" एका दुपारी माझ्या तोंडून गेलं, "आला होता. येतोय म्हणाला." त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. मग मी रोज नवा फोन रचत गेले. तुझी रजा, तुझं तिकीट, तुझा खोकला. खोकल्याची तिला फार काळजी लागली होती.

एक दिवस मी कामावर असताना तिने एकटीने कुंडी गॅलरीकडे ओढली. तू येईपर्यंत झाड वाचवायचं होतं तिला. शेजारणीने धाडकन आवाज ऐकला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सहा दिवस काढले तिने. मी तुला फोनवर फोन केले. एक तारखेला सकाळी आई गेली.

लिहिलं बाबा एकदाचं.

शेवटी डोळे मिटूनच विचारत होती, "आला का?" मी म्हटलं, "जिना चढतोय."

दोन वर्षांपूर्वी तू आईच्या गोळ्यांवरून मला बोललास, आणि मी म्हणाले, "तू दहा दिवसांचा पाहुणा, त्या झाडासारखा. मला अक्कल शिकवू नकोस." माझ्या जिभेला हाड नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. तू त्याच पावली बॅग उचललीस. आईला मी हे कधी सांगितलं नाही. तुला कामातून सवड होत नाही, असंच ती शेवटपर्यंत समजत होती.

कुंडी गॅलरीच्या उंबऱ्यातच आहे, आईने आणून ठेवली तिथे. नर्सरीवाल्याने खोड नखाने खरवडून पाहिलं, आत सगळं वाळलेलं. फेकवत नाही, आणि एकटीला हलवतही नाही. कपडे वाळत घालायला जाताना ओलांडून जाते.

मला हवं ते बोल, ऐकून घेईन. पण ये. आईला शेवटचं जे सांगितलं, तेवढं तरी खोटं राहू देऊ नकोस.

जिन्यातला दिवा लावून ठेवते.

तुझी
ताई