इंजेक्शन कुठल्या खात्याचं?

३ एप्रिल २०१७, सोमवार

चुकलं! दोन वर्षं ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांची बिलं विमावाल्यांकडे पाठवलीच नाहीत. मुद्दाम. ह्यांच्या शिपिंग कंपनीनं निवृत्त माणसांच्या औषधांसाठी वर्षाला आठशे डॉलर ठेवलेत. म्हटलं, साठू देत, मोठ्या दुखण्याला एकदम काढू. आज फोन केला तर विमा कंपनीतली ती मिस ओंग म्हणते, "नो, नो, आंटी! मार्चएंडला संपलं. कॅरी फॉरवर्ड नाही, ला!"

म्हणजे विमा हे पोस्टातलं खातं नव्हे. पंगतीतलं ताट आहे. जेवलात तर जेवलात, नाहीतर उचलून नेतात.

आणि मोठं दुखणं नेमकं आत्ताच आलंय. शनिवारी नोव्हेना हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. डावा तर केव्हाच गेलाय. महिन्याला एक अशी निदान तीन इंजेक्शनं हवीत. एकाचे चौदाशे! "नाही घेतली तर?" मी विचारलं. डॉक्टरांनी नुसतं पेनाला टोपण लावलं.

४ एप्रिल

पहिलं इंजेक्शन झालं. पैसे घरातले. ह्यांना हिरवी टोपी घालून, पायात पिशव्या चढवून आत नेलं. मी बाहेर रामरक्षा म्हणत बसले.

टॅक्सीत म्हणाले, "हे एकच हं. पुढचं नाही."

"का म्हणून?"

"सत्तरी झाली. बघायचं ते बघून झालं."

रात्री संकेतचा फोन. "बाबा, मी भरतो ना!" तर ह्यांचं उत्तर — "तू तुझ्या ईस्ट कोस्टच्या फ्लॅटचे हप्ते भर." जन्मभर बोटीवरची इंजिनं सांभाळली, पण स्वतःच्या मुलाकडून काही घ्यायचं म्हटलं की ह्यांचं इंजिन बंद!

७ एप्रिल

विमावाल्यांनी बिल 'औषध' या खात्यात टाकलंय. ह्या नव्या वर्षाचे आठशे मिळतील, वरचं आपलं. आणि पुढच्या दोन्हींना शून्य. ह्यांना सांगितलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" — असं म्हणाले, जशी काही पैज जिंकली!

११ एप्रिल, हनुमान जयंती

देवळात गेले होते. पुजाऱ्यांनी हातावर केळं ठेवलं. मी आज सकाळीच तसंच केळं बाजारातून नेऊन वाहिलं होतं. बाजारात ते फळ होतं, देवापुढून आलं तर प्रसाद. केळं तेच! कुठे ठेवलं त्यावर सगळं.

तिथेच थबकले. ह्यांना टोपी घालून कुठे नेलं? ऑपरेशनच्या खोलीत! मग ते इंजेक्शन दुकानातल्या गोळ्यांच्या खात्यात कसं?

मारुतीराया, क्षमा कर, तुझ्यापुढे उभी राहून विम्याचा विचार केला. पण तूही डोंगर उचलून औषधच आणलं होतंस ना!

१२ एप्रिल

मिस ओंगला फोन. इंग्रजी माझं मोडकं, पण हिशेब मोडका नाही.

"आंटी, इंजेक्शन म्हणजे मेडिसिनच."

मी म्हटलं, "मागच्या वर्षी ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्हीच दिलंत. आत लेन्स बसवली. ती चष्म्याच्या दुकानाच्या खात्यात टाकलीत का?"

हसली बाई! "वेट आ, आंटी." बराच वेळ गाणं वाजत राहिलं. परत येऊन म्हणाली, डॉक्टरांकडून लिहून आणा, ऑपरेशनच्या खोलीत दिलं म्हणून. मग एका दिवसाच्या ऑपरेशनच्या खात्यात बघतील. पण ठरवणार तिचे साहेब.

हे कान देऊन ऐकत होते. "काय गं, बोटीवर हिशेबाला, पर्सर म्हणून लागतेस का?"

१९ एप्रिल

डॉक्टरांचं पत्र पोचतं केलं. दुसऱ्या इंजेक्शनची तारीख दोन मे. हे म्हणतात, "मंजुरी नाही तर मी नाही."

२३ एप्रिल

आज ह्यांनी दूध कपाच्या बाहेर ओतलं. फडकं घेऊन स्वतःच पुसत बसले — जिथे सांडलं नव्हतं तिथे.

२८ एप्रिल, अक्षय्य तृतीया

मंजूर!! तिन्ही इंजेक्शनं! पहिल्याचा फरकसुद्धा परत देणार. दहावा हिस्सा आपला, नऊ त्यांचे. आणि औषधांचे आठशे जिथल्या तिथे — त्यातून आता गोळ्या. ह्या वर्षी एक बिल घरात ठेवणार नाही!

देवापुढे साखर ठेवली. मग म्हटलं, छे, साखरेवर भागवायचा दिवस आहे का हा? हापूस आणला. सहाच, पण हापूस!

"मॅट्रिकला गणितात किती होते गं?" हे रस ओरपत म्हणाले.

"चौऱ्याऐंशी."

"मग ठीक आहे. जाऊ दोन तारखेला."

नुसतं 'ठीक आहे'! पण वाटी दोनदा पुढे केली.

७ मे

भजन झाल्यावर अरुणाताईंनी मला कोपऱ्यात धरलं. त्यांच्या यजमानांच्या विम्याचे कागद पर्समध्येच होते. मग नंदाही आली. टाळ बाजूला ठेवून मी समजावत बसले — आधी विचारायचं, औषध कुठे देतात? मग विचारायचं, वर्ष कधी संपतं? अरुणाताई म्हणतात, "सुलेखा, तू फी लाव!" चहा घेतला फक्त. साखर जास्त होती, तरी घेतला.

१० मे

वेसाकची, म्हणजे इथल्या बुद्धपौर्णिमेची सुट्टी. संकेत गाडी घेऊन आला. परतताना लांबूनच हे मोठ्यानं वाचतात — "क्वीन्सटाउन!" सबंध पाटी! संकेत म्हणाला, "बाबा, आपण तिथेच राहतो." सगळे इतके हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

३० मे

तिसरं झालं. सूज उतरली. डॉक्टरांनी ह्यांच्याशी हात मिळवला, मग माझ्याशीही.

४ जून, रविवार

सकाळी चहा देताना हे माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "काय? म्हातारी दिसते ना?"

हसले नाहीत. "तुझ्या गळ्याला ही गाठ कधीपासून आहे?"

"काहीतरीच! सावली पडली असेल."

"सुलेखा, मला दिसतंय."

नोव्हेनाला फोन ह्यांनीच लावला. नंबर स्वतः वाचून.