अक्का, भुताच्या घरी गेले आन् देवी होऊन आले

ती. नर्मदाअक्कास, डोंगरकड्याहून धाकट्या पद्मीचं पाया पडनं.

काल आपल्या प्रतिक्षाला बघायला आधी आली ती मुलाची आत्या, शिलाबाई. ती बी मागच्या दारानं, चपला हातात घेऊन, कारन पुढच्या अंगनात आमी हळद वाळू घातलेली व्हती. चार वाजता येतो म्हनलेले पाव्हने जेवनाच्या आधीच येतेत का गं? पोरगा आन् सूनबाई बाजाराला गेलेले, प्रतिक्षा डोक्यावरून नहायला बसलेली, आन् मी घरात असून घरात नव्हते. कुठं व्हते ते सांगते, पन आधी तुझा गुडघा कसा हाय ते कळव. तेल लावतीस का नुसतीच कन्हतीस? माझी तब्येत बरी हाय.

हे फोनवर सांगता येत न्हाई. इथं फोन आला की सगळं घर कान लावून बसतंय, आन् तुझा फोन तुझी सून मोठ्या आवाजात लावून देती. म्हनून चवथीपत्तुर शिकलेल्या अक्षरात लिहून जळबाच्या जीपमधी देऊन राहिले. अक्षर लागलं न्हाई तर अंदाजानं वाच, पन कोनाकडून वाचून घेऊ नको.

तर आपली प्रतिक्षा पुन्याला कंपनीत हाय ते तुला ठावं हाय. बँकेच्या कंप्युटरवर हाय असं आमी पाव्हन्यांना सांगितलं, पन तसं न्हाई. ती भुतं करती. म्हंजे भुताचा गेम असतोय, एक मोठं घर, त्यात भूत. सगळं भूत तिच्याकडं न्हाई, निस्ते केस तिच्याकडं. दारं-खिडक्या दुसऱ्याकडं, रडनं तिसऱ्याकडं. (पगार चांगला हाय. पन पाव्हन्यांना काय सांगावं, पोरगी भुताची वेनी घालती म्हनून?) ते घर बघायचं मशीन ती संगं घेऊन आली. डोळ्याला डब्यावानी चष्मा बांधायचा, कानाला झाकनं, हातात दोन मुठी. म्हनली, आजी, तू घाबरतीस का बघू दे, आमाला तपासायला मानसं लागतेत. मला बसवलं, बांधलं, आन् ही गेली नहायला.

अक्का, काय ते घर. एवढ्या खोल्या, आन् एकीत बी दिवा न्हाई. नळ टिपटिप गळून राहिलेला, माझा तर जीवच राहिना, बंद करायला उठले तर नळ हाताला लागंना. जिना चढायला लागले की पायाखालची जमीन हलायची, म्हनून मी खालीच बसले, आन् बसल्या जागी डुलायला लागले. तेवढ्यात कपाटातून लेकराचं रडनं आलं. आन् कपाटापुढं ती उभी. पांढरी साडी, केस मोकळे गुडघ्यापत्तुर (हेच प्रतिक्षाचं काम, एकेक केस वेगळा हलतो, काय सांगू). भ्याले मी. पन भ्याले म्हनून गप बसनारी मी न्हाई. बाहेरचं दिसलं की इचारायचं असतं, आपल्या आईनं शिकवलंय. मी जोरात इचारलं, कोन हाय तू? कोनाची? आधी केस बांध.

आता इकडं काय झालं ते मागून त्या मुलानं प्रतिक्षाला सांगितलं आन् तिनं मला, कारन माझे कान बंद व्हते. त्याच टायमाला शिलाबाई मागच्या दारात, जीपच्या वाऱ्यानं केस सुटलेले. तिच्यामागं तिचा भाऊ रामकिशन, म्हंजे मुलाचा बाप, आन् मुलगा दिपक. पुढं बघतेत तर मी मधघरात डुलून राहिले, चष्म्याच्या पट्ट्यानं कपाळभर कुंकू फिसकटलेलं, तोंडानं केस बांध म्हनून दरडावून राहिले, आन् वार शुक्रवार. तूच सांग, कोनाला काय वाटंल? शिलाबाईनं चपला टाकून केस बांधले. रामकिशननं टोपी काढून तिथंच लोटांगन घातलं.

डोळ्यावरच्या डब्याचं काय म्हनशील, तर त्याला वाटलं आमच्या देवीची तशीच रीत असंल.

मी तिकडं त्या बाईला दटावून राहिले, खरं सांग, कपाटात कोनाला लपवलंस? तर इकडं शिलाबाई हात जोडून बोलायला लागली. आई, लपवलंय. पोरगं आता कंपनीत न्हाई. कंपनी दसऱ्यालाच बंद पडली. हिंगोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय, चांगलं चालतंय, पन भावाला लाज वाटती, त्यानं सांगू दिलं न्हाई. रामकिशन जमिनीवरूनच म्हनला, शिले, गप. तर ती म्हनली, देवी इचारती, मी कशी गप बसू?

दिपक म्हनला, आत्या, हा गेमचा चष्मा हाय, माझ्याकडं असलाच दुरुस्तीला आला व्हता. आत्यानं त्याला असा चिमटा काढला की पोरगं वळवळलं. तेवढ्यात डोक्याला टावेल गुंडाळून प्रतिक्षा दारात. दोघांनी एकमेकाकडं बघितलं आन् दोघं बी तोंड दाबून हसायला लागले. आतापत्तुर आलेली सगळी स्थळं नाक मुरडून परत लावनारी ही पोरगी, अक्का, टावेलात हसून राहिली.

मग तिनं माझा चष्मा काढला. बघते तर पायाशी एक बाप्या पालथा पडलेला. मला वाटलं हा बी त्या घरातलाच. खरा हाय का खोटा बघायला मी अंगठ्यानं ढोसलं. (खरा निघाला.) तर तो उठून म्हनला, आईचा पाय लागला, माझं कल्यान झालं. आता मी त्याला काय सांगू?

पुढचं सगळं गोड झालं. प्रतिक्षानं पानी देता देता दिपकला सांगून टाकलं की ते भुताचे केस माझे हायेत. तर त्यानं तिथंच इचारलं, वारा नसताना बी हलतेत का? आन् दोघं त्या केसावर असे बोलत बसले की पोहे गार झाले. जाताना रामकिशन म्हनला, देवीपुढं खरं निघालं, आता आमाला देनंघेनं काई नको, मुलगी द्या. फक्त तारीख देवीच्या तोंडून काढायची. ओटी घेऊन परत येतो.

आता माझी पंचाईत झाली. खरं सांगावं तर एका चष्म्यापुढं लोटांगन घातलं म्हनून तो मानूस भडकंल आन् स्थळ मोडंल. न सांगावं तर देवीचं सोंग आनावं लागंल, आन् खरी देवी बघून राहिलीच असंल की. पोरगा म्हनतो, आई, एवढ्या वेळेला डुल. सूनबाई म्हनती, तारीख उन्हाळी सुट्टीतली सांगा. पोरीचं तोंड बघितलं की मोडावं वाटत न्हाई. ती सकाळपासून गुनगुनून राहिली.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझी पद्मी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारन हे. तुझ्या अंगात दर नवरात्रात खरंखुरं येतंय, तुमच्या सगळ्या आखाडा बाळापूर गावाला ठावं हाय. तू सोमवारीच ये. रामकिशनला मी सांगते, देवी मोठ्या बहिनीकडं गेली. मग तू आन् देवी काय ते बघून घ्या. वैशाखातली तारीख दिली तर बरं, पन माझा आग्रह न्हाई.

ता. क. दुसरं. मशीन मी ठिवून घेतलंय. दुपारी एक चक्कर मारून येते. काल प्रतिक्षानं कायतरी करून ठिवलं, आता मी दरडावलं की ती बाई गुमान आंबाडा बांधती.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवलं व्हतं, परत उघडलं. आत्ताच शिलाबाईचा फोन आला, नशीब मीच उचलला. हळूच म्हनली, मावशी, तो चष्मा हाय हे मला दारातच कळलं व्हतं, माझं पोट्टं बी असलंच घालून बसतंय. पन भावापुढं खरं बोलायला मला दुसरी कोनती जागा व्हती? त्याला अजून बी देवीच वाटून राहिली, तवा तुमी बी सांगू नका. आन् त्या घरातल्या बाईला एकदा मला बी भेटवा.

म्हंजे, अक्का, देवी तर लागनारच. मंगळवारी येतो म्हनलेत.