कोमल गंधाराची प्रत

मी, बाबनराव गोविंदराव पराते, वय ७६, राहणार गोळीबार चौक, नागपूर, 'झुळूक' या सुगम संगीताच्या ऑर्केस्ट्राचा चालक व वायोलिनवादक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात ठिकाणावर नाही, म्हणून अक्षर असे आले आहे. गेल्या आठ-दहा महिन्यांत केलेली तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिन्हींत एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी रुख्मिणी हिला. मी गावोगावी वाजवत हिंडलो, घर तिने सांभाळले. तिच्या पश्चात सर्व मुलगी मेघा हिचे.

२. माइक, स्पीकर आणि नोटेशनचे स्टँड मेघाला. वादकांचे जांभळे सॅटिनचे कोट मात्र तिने कोणाला दाखवू नयेत.

३. माझा सोलो चालू असताना जो गायक पुढे येऊन प्रेक्षकांना हात हलवीत असे, त्याने शोकसभेत गाऊ नये. नाव लिहीत नाही, त्याला कळेल.

४. (इथे मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो. रुख्मिणी म्हणाली, "लिहून टाका ना एकदाचं! काहून घिरट्या घालून राहिले?")

माझे वायोलिन कृष्णकांत विठोबाजी निमजे, उमरेड, यांस. तो माझ्या जोडीला वायोलिन वाजवीत असे. त्या काळी आमच्या संगीताची नोटेशन कोणीतरी दुसऱ्या ऑर्केस्ट्राला पुरवत होते. चोर सापडावा म्हणून मी प्रत्येक वादकाच्या नोटेशनमध्ये एकेक वेगळा चुकीचा स्वर मुद्दाम लिहिला. आमच्या वादकांना चाली पाठ होत्या. कागद पाहून वाजवणारा फसणार होता.

१९९४ च्या गणेशोत्सवात कळमेश्वरला त्या ऑर्केस्ट्राने शुद्ध गंधाराच्या जागी कोमल वाजवला. ती प्रत कृष्णकांतची, असे मला पक्के आठवले. त्यांच्यानंतर त्याच मंडपात, आमचा कार्यक्रम चालू असताना, मी माइकवर म्हणालो, "हा उमरेडवाला चोर आहे." त्याचे नावसुद्धा घेतले नाही. तो वायोलिन पेटीत ठेवून खाली उतरला. पुढे हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्टची नोकरी करून निवृत्त झाला. स्टेजवर पुन्हा चढला नाही.

मागच्या दिवाळीत कपाट आवरताना कोणाला कोणती प्रत दिली, त्याची माझ्याच अक्षरातली यादी सापडली. कोमल गंधाराची प्रत मी अ‍ॅकॉर्डियनवाल्या मारोतरावला दिली होती. तो त्यानंतर अकरा वर्षे माझ्या शेजारी बसून वाजवत राहिला, आणि वारला. तेव्हा यादी पाहणे दोन मिनिटांचे काम होते, पण मला माझ्या स्मरणशक्तीची फार घमेंड. यादी सापडल्यापासून मला एका जागी बसवत नाही. मी कृष्णकांतचे आयुष्य नासवले, याची मला लाज वाटते.

५. कलम ४ मधील वायोलिनची देणगी रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

आज सकाळी कृष्णकांतला बोलावून ते कलम वाचून दाखवले. त्याने कागद माझ्याकडून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाला, "चोर माइकवर म्हनलं जी तुमी, अन् माफी कागदावर? तेही तुमी मेल्यावर? वायलिन नको मले. जिते आहा तवर सांगा, तिथंच."

मी म्हणालो, "आता तिथं आपल्याले ओळखनारं कोन राह्यलं गा?"

"मी आहो ना, मास्तर."

ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. हे ऐकताच त्याने माझ्या हातातला पेन घेतला. मी कळमेश्वरच्या त्या गणेश मंडळाला फोन केला. शुक्रवारी आरतीनंतर पाच मिनिटे माइक मिळणार आहे. वायोलिनचे काय करायचे, ते त्यानंतर लिहीन.

ठिकाण: नागपूर
दिनांक: २४ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार: बाबनराव गोविंदराव पराते (सही)

आमच्या डोळ्यांसमोर सही झाली:
१. अ‍ॅड. भावना हेडाऊ, नागपूर (सही)
२. कृ. वि. निमजे, उमरेड (सही)
(सहीखाली त्याच्या अक्षरात: शुक्रवारी नाव पूरं घ्या, मास्तर.)