बुजवलेली खिंड

मंगळवार, ३ मार्च

आज अख्खा देश उताणा पडलेला पाहिला. पालथा मी होतो.

आमच्या गावातल्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनात जमिनीवर तो पसरलाय – प्लास्टरचा. साहेबाचं राज्य होतं तेव्हा त्यानंच त्याच्या देशातल्या प्रदर्शनासाठी बनवून घेतलेला, नंतर इथे येऊन पडलेला. डोंगर माझ्या गुडघ्याएवढे, नद्या काचेच्या, रूळ तांब्याच्या तारेचे. पाय कुठे ठेवायची सोय नाही, म्हणून वर दोरांनी फळी टांगलीय. तिच्यावर पालथं पडायचं आणि मऊ ब्रशनं धूळ काढायची. नाकातोंडाला फडकं. “शिंकलास तर एखादा तालुका उडेल,” मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे डागडुजीचे मुख्य. नियम एकच – जे होतं तेच दुरुस्त करायचं, पदरचं काही घालायचं नाही.

मी तासभर नुसता बघत राहिलो. एवढं सुंदर काम! प्रत्येक ओढा, प्रत्येक टेकडीचा उतार. ज्यानं केलं त्यानं हा देश किती निरखून पाहिला असेल. एखाद्याच्या प्रेमात पडल्यावरच असं बघतात, असं वाटलं.

आई म्हणते, दोन वर्षं कॉलेज करून शेवटी धूळच पुसायला लागलास.

बुधवार, ४ मार्च

आमचं गाव सापडलं. तिचंही. मध्ये एकच डोंगर, वीतभर. तिच्या घरावर अंगठा टेकवला तर करंगळी आमच्या दारात.

तरी तिच्याकडे जायचं तर आधी गाडीनं खाली बंदरात जायचं, तिथे मुक्काम, मग दुसऱ्या रुळानं पुन्हा वर. रस्ताही रुळांच्या कडेकडेनंच. माझं कॉलेज आणि तिचं नर्सिंग, दोन्ही बंदरात होतं म्हणून आम्ही भेटलो तरी. नाहीतर डोंगराच्या दोन बाजूंना एकमेकांचं नावही न ऐकता म्हातारे झालो असतो.

गुरुवार, ५ मार्च

आज फळी दालनाच्या मधोमध होती. वरून सगळे रूळ एकदम दिसले.

एकही तार आडवी नाही. खाणीतून बंदर. मळ्यांतून बंदर. जंगलातून बंदर. गावातून शेजारच्या गावाला – कुठेच नाही. मोरीतलं पाणी जसं सगळीकडून एका भोकाकडे वळतं, तसा अख्खा देश बंदराकडे वळवलाय.

वर्गात मी साहेबाला लुटारू म्हटलं तेव्हा आमचे इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले होते, “रेल्वे कुणी आणली? तुझ्या आजोबांनी?” सगळा वर्ग हसला. मी बाक उलटवला आणि निघालो तो निघालोच. तेव्हा उत्तर नव्हतं माझ्याकडे, नुसता राग होता. आज उत्तर पोटाखाली पसरलं होतं आणि राग कुठे गेला कोण जाणे. एवढी अक्कल! एवढा धीर! कुणी तरी शांतपणे बसून हे आखलं असेल, मध्ये चहा घेतला असेल.

रविवार, ८ मार्च

तिचा फोन. साहेबाच्या देशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी मिळतेय. एजंट घरी येऊन गेला. पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीनं बंदर, तिथून विमान.

“भेटायचं असेल तर घरी ये. बाबांसमोर बोल,” म्हणाली.

मी बोलायला लागलो. तिनं म्हणे फोन कानापासून लांब धरला होता, तरी सगळं ऐकू येत होतं. शेवटी म्हणाली, “ओरडून झालं की सांग.”

सोमवार, ९ मार्च

जेवलो नाही. आईनं विचारलं, “कुणाचा राग ताटावर काढतोयस?”

बुधवार, ११ मार्च

गाढवपणा केला.

तांब्याची उरलेली तार घेतली आणि आमच्या गावापासून डोंगरावरून तिच्या गावापर्यंत चिकटवून टाकली. दुपारी मास्तरांनी पाहिली. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “ही कुणाची?”

“कुणाची म्हणजे?”

“नकाशात आपलं मन घालायचं नसतं, भडक्या. काढ.”

भडक्या हे माझं इथलं नाव. पहिल्याच दिवशी पडलं, बाकाची गोष्ट सांगितली तेव्हा.

तार ओढली तर खालच्या प्लास्टरचा पोपडाच निघाला. आता नोकरी गेली, असं वाटलं. पण पोपड्याखाली दुसरं, जुनं प्लास्टर होतं – आणि त्यात एक खोल घळ! डोंगराला मधोमध चिरत गेलेली. तिच्यातून बारीक कोरलेली वाट. आमच्या गावापासून तिच्या गावापर्यंत.

मास्तर फळीवर माझ्या शेजारी येऊन पालथे पडले. मग ब्रशनं घळीतली भुकटी हलकेच काढायला लागले.

गुरुवार, १२ मार्च

संग्रहालयाच्या प्रमुख बाई स्वतः आल्या. चप्पल काढून फळीवर चढल्या, साठीच्या आहेत तरी. घळ पाहून हसल्या. “आहे तर. मला वाटायचं नुसतं लिहिलेलंच उरलंय.”

त्यांनी सांगितलं ते असं. डोंगरात खिंड होती. पलीकडे कापूस पिकायचा, अलीकडे आमच्याकडे माग होते. कापूस इकडे यायचा, कापड तिकडे जायचं. मग साहेब आला. आधी खिंडीत नाका बसवला, जकात वाढवत नेली. तरी लोक जातच राहिले, तेव्हा सुरुंग लावून कडाच आत पाडला. दोन्ही बाजूंना रूळ टाकले. पलीकडचा कापूस बंदरात, जहाजातून साहेबाच्या गिरणीत. त्याचंच कापड परत जहाजातून बंदरात, आणि रुळांवरून आमच्या अंगावर. मागवाले गेले मळ्यांत मजुरीला. प्रदर्शन भरायच्या आधी प्लास्टरमधली खिंडही बुजवून टाकली.

“पण मुळात यायचंच कशाला? काय कमी होतं त्यांना?” मी जरा जोरातच विचारलं.

“कमी नव्हतं, जास्त झालं होतं. गिरण्या धडाधड माल काढत होत्या, घरात खपेना. कच्चा माल पुरेना. शेजारी दुसऱ्या राजानं मुलूख घेतला की यांना झोप लागेना. आणि एवढं सगळं करून रात्री आपण चांगले आहोत असंही वाटायला हवं – म्हणून शाळा, म्हणून दवाखाने.”

“दवाखाने वाईट?”

“नाही रे. मी अशाच दवाखान्यात जन्मले. तेच तर अवघड आहे.”

दिवसभर हात चालेना. वीतभर डोंगर, आणि त्या कापसानं पलीकडून इकडे यायला समुद्र दोनदा ओलांडला. चोर घरात शिरतो, नेतो, पळतो – ते कळतं. इथे घराच्या भिंतीच अशा फिरवल्या की चोर गेल्यावरही आपण सगळं त्याच्याच दारात नेऊन ठेवतोय. आणि रविवारी त्याच दारात ती.

शुक्रवार, १३ मार्च

उद्याच्या गाडीनं निघालो तर रविवारी रात्री पोचेन, तोवर ती गेलेली. आजची चुकली.

मास्तरांना विचारलं, खऱ्या डोंगरात वाट उरली असेल? म्हणाले, “गुरं चारणारे जातात म्हणे दगडांतून. दिवस लागेल. रजा दिली, जा. आणि तिथे जाऊन बाक उलटवू नकोस.”

शनिवार, १४ मार्च

खिंडीत बसून लिहितोय.

प्लास्टरमध्ये बोटाएवढी होती. इथे मान मागे टाकली तरी वरची कडा दिसत नाही. पाडलेले दगड घराएवढे आहेत आणि त्यांच्यामधून झाडं वाढलीत, चांगली दांडगी. एका दगडाखाली जुनी फरसबंदी दिसली. झिजून गुळगुळीत, मधोमध खोलगट. किती माणसं गेली असतील! मी तिथे पाय ठेवला आणि उगीचच काढून घेतला. एवढ्या लोकांत बूट घालून शिरल्यासारखं वाटलं.

तिचं गाव दिसतंय खाली. इतकं जवळ.

त्याच दिवशी, संध्याकाळ. तिच्याकडे

तिच्या बाबांनी दार उघडलं. सुतार आहेत, कानावर पेन्सिल. “गाडी तर आज नव्हती. आलास कुठून?”

“खिंडीतून.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मग बूट बाहेर काढ. अर्धा डोंगर आणलायस.”

ती आत बॅग भरत होती. मी उभ्याउभ्याच सुरू झालो. रूळ, कापूस, सुरुंग, सगळं. आधी कापूस नेला, आता माणसं नेतायत, शिकवायचं आपण आणि वापरायचं त्यांनी. ती घड्या घालत ऐकत होती. मध्ये एकदा खिंडीबद्दल ऐकताना हात थांबला तिचा.

“बरं. मग मी काय करू?”

माझं सगळं तयार होतं. आमच्या गावच्या दवाखान्यात जागा आहे, डॉक्टरांशी बोललोय. वरची खोली रंगवून घेतो. आईलाही सोबत होईल.

“रंग कुठला?”

“निळा.”

“ठरवलास पण?” ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “एजंटानंही असंच ठरवून आणलं होतं. नोकरी, खोली, जेवण. तुझ्या भल्यासाठी म्हणाला. रंग तेवढा नव्हता सांगितला. तू पुढे गेलास त्याच्या.”

मी म्हटलं, माझं प्रेम आहे म्हणून.

“असेल. पण मला नेणाराच आहेस ना तूही? तो लांबून आला, तू जवळून.”

  

बाबा बाहेरून म्हणाले, “जेवायला चला. भांडण गार होत नाही, जेवण होतं.”

ओसरीवर अंथरूण दिलंय. मूर्ती घडवावी तसा देश घडवणाऱ्या त्या साहेबालाही वाटत असेल का, की आपलं प्रेमच आहे? मनापासून वाटत असेल, तर मग काय?

रविवार, १५ मार्च. फलाट

बॅग मी उचलली नाही. विचारलं, उचलू का. “नको,” म्हणाली. गाडी यायच्या आधी एवढंच विचारलं – तुला काय हवंय?

तिनं हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, “हे कुणी विचारलंच नव्हतं. थांब. विचार करू दे.”

गाडी आली. थांबली. गेली.

ती बाकावर बसलीय, बॅग पायाशी. अजून विचार करतेय. मी शेजारी लिहीत बसलोय – मध्येच तोंड उघडू नये म्हणून.