डब्बल बेसला पिकअप

१८ एप्रिल १९९५, मंगळवार

बँडवाला बंकट आला. काउंटरवर तीन रेडिओ उघडे पडलेले, त्यांच्यावरच कोपर टेकवून म्हणाला, "विश्वेश्वर, डब्बल बेसला पिकअप बसवायचंय." मी म्हणालो, बसवू. पिकअप म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. मलाही अर्धंच. पण गेवराईत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचं तर 'बसवू' आधी म्हणावं लागतं. अक्कल मागून येते.

हे धूड बंकटच्या बापानं हैदराबादच्या एका बंद पडलेल्या क्लबातून आणलेलं. माणसापेक्षा उंच व्हायोलिन म्हणा. चार जाड तारा, उभं राहून बोटांनी छेडायचं. बंकटच्या बँडमध्ये ते त्रिंबक वाजवतो, बावीस वर्षं झाली. ते आजवर कुणी ऐकलेलं नाही. ताशा, ट्रम्पेट आणि जनरेटर, यांच्यात ते बिचारं काय बोलणार? पण मांडवात पुढं उभं केलं की पाहुणे म्हणतात, बँड भारी आहे.

आता बाजार समितीचे सभापती बद्रीनाथअण्णा यांच्या मुलाचं, रवीचं लग्न. तलवाड्याला, १४ मे. बंकट म्हणाला, "जग बदललं. आता समदं इलेक्ट्रिकवर पायजे." बँडचं नावही बदलतोय – 'न्यू इंटरनॅशनल'. हा बँड तालुक्याबाहेर दोनदा गेलाय. दोन्ही वेळा शेजारच्या शिरूर कासारला.

१९ एप्रिल

गावभर झालं – बंकटनं पिकअप घेतली! स्टँडवरच्या हॉटेलात त्याला पेढे मागितले. कुणी विचारलं, नवी का जुनी? गडी नाही म्हणाला नाही. "बघू, कागदपत्रं व्हायचीत" म्हणाला.

घरी बायकोनं, शिवकांतानंही विचारलं, "मग कपिलधारला दर्शनाला नेतील का आपल्याला?" समजावून सांगितलं. तिला पटलं नाही. वाद्याला कशाला गाडी लागते, म्हणाली.

२२ एप्रिल

पिकअप म्हणजे शेवटी रुपयाएवढी पितळी चकती. थरथर पकडते आणि तारेतून पुढं पाठवते. बीडला मिळाली नाही. मग डोक्यात आलं – उघडलं की किणकिण वाजणारी ग्रीटिंगं हल्ली आलीत, त्यात हीच चकती असते. जी आवाज करते तीच ऐकतेही. एक ग्रीटिंग आणलं आणि फाडलं.

वर गुलाब होता, आत 'माय डार्लिंग'. फाटका तुकडा शिवकांताला खिशात सापडला. सकाळपासून ती पिकअपबद्दल काही विचारत नाही.

२७ एप्रिल

त्रिंबक हातगाड्यावर बेस घेऊन आला. गादीत गुंडाळून, बाळंतिणीला आणावं तसा. म्हणाला, "कावून करायचं हे? चाललंय की." मी म्हणालो, मालकाची हौस. आपण बोलताना हा माणूस टक लावून तोंडाकडं बघतो. माझ्या दातांत काही अडकलंय असं वाटलं. घरी आरशात पाहिलं, काही नव्हतं.

तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. घोडीच्या पायाखाली चकती सरकवली, वायर अँप्लिफायरला जोडली. आवाज आला – पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. वरून साध्या वायरनं कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडलं. डब्बल बेसमधून बाजारभाव! ज्वारी, तूर, सरकी. रस्त्यावर माणसं थांबली. एकानं वहीत उतरूनही घेतले. त्रिंबक मात्र डोळे मिटून वाजवत राहिला. काय स्थिर माणूस आहे. आपण असतो तर हसून लोळलो असतो.

२ मे

जमलं! चकतीचा आवाज आधी मोठा करायला एक छोटं सर्किट लागतं. ते शिवकांताच्या सुपारीच्या डब्यात बसवलं (न विचारता). वायर जाळीची घातली. त्रिंबकनं पहिली तार छेडली आणि शोकेसची काच थरथरली. समोरचा किराणावाला बाहेर येऊन आभाळाकडं बघायला लागला.

त्रिंबकनं स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला. बराच वेळ काढला नाही. "लई दिवसांनी," म्हणाला. काय लई दिवसांनी, ते सांगितलं नाही.

मग बंकट आला आणि सगळा विचका केला. म्हणे, खोकं त्रिंबकच्या पाठीशी, अगदी चिकटून ठेवायचं. मी म्हणालो, घुमेल. खोक्याचा आवाज बेसच्या पोटात जाणार, पोटातून पुन्हा खोक्यात, थांबायचं नाव नाही. माईकसमोर भोंगा ठेवतं का कुणी? तर म्हणाला, "तिथंच ठेव बे. पाहुण्याला दिसलं पायजे." असल्या अडाण्यापुढं विज्ञान काय सांगायचं? ठेवतो म्हणालो.

९ मे

बोर्ड रंगवून आला. पेंटरनं 'इंटरनॅशनल'मधला एक 'न' खाल्ला. बंकट म्हणतो, लांबून कळत न्हाई.

१४ मे, रविवार

लिहू का नको, असं झालंय.

साडेबाराचा मुहूर्त, अक्षता पडल्या दोनला. कारण जिल्ह्याचे पुढारी यायचे होते. ते आले. बँडनं सलामी दिली आणि बेस ऐकू आला! पहिल्यांदा, सगळ्यांना. जेवणाऱ्या पंगतीतली पत्रावळ हलली म्हणे. अण्णांनी मान डोलावली. बंकटनं अण्णांकडं बघितलंच नाही, तो त्रिंबककडं बघत होता. मला वाटलं, आता श्रेय मलाच.

सलामी संपली, पुढारी आशीर्वादाचं बोलायला उठले. "हे उदारीकरणाचं युग आहे," इथपर्यंत ऐकू आलं. मग घुमायला लागलं. हूंऽऽ. आधी बारीक, मग मोटेत वारं शिरल्यासारखं. त्रिंबकचे हात खाली, बोट तारेला लागलेलं नाही, आणि तार आपली आपण गातेय. नुसता तळहात तारांवर ठेवला असता तरी थांबलं असतं. मी मांडवाच्या त्या टोकाला, अँप्लिफायर या टोकाला, मध्ये दोन हजार वऱ्हाडी. ओरडलो, "त्रिंबक, तारा धर! तारा धर!" तो डोळे मिटून, बेसला छाती लावून उभा. चेहऱ्यावर समाधान. कीर्तनात बसल्यासारखं.

पुढाऱ्यांचं तोंड तीनचार मिनिटं हलत राहिलं. शब्द एक कळला नाही. लोकांनी नेहमीच्याच जागी टाळ्या वाजवल्या.

शेवटी बायकांच्या बाजूनं त्रिंबकची बायको मुक्ताबाई उठली. सरळ चालत त्याच्यापुढं आली. हाक मारली नाही. दंडाला हात लावला, डोळे उघडेपर्यंत थांबली, आणि आपला तळहात स्वतःच्या छातीवर ठेवून दाखवला. त्यानं लगेच तारा धरल्या. शांत झालं.

हाक का मारली नाही तिनं? मघापासून हेच डोक्यात घुमतंय.

१५ मे

मुक्ताबाई सकाळीच दुकानात आली. उभी राहिली, बस म्हणालो तरी बसेना.

"त्यान्ला ऐकू येत न्हाई. चार वर्सं झाली. आदी उजवा गेला, मग डावा."

मी विचारलं, मग वाजवतात कसे?

"बोटान्ला जागा पाठ हायेत. ताशेवाल्याच्या हाताकडं बगत्यात. आन् ते लाकूड छातीला लागतं, त्यात कळतं म्हनत्यात. दुसरं कोनचंच वाद्य आता जमायचं न्हाई." मग म्हणाली, "मालकाला सांगू नका. तो आदीच क्यासिओची पेटी घ्यायचं म्हनतोय."

ती गेली आणि मी तोंडात मारल्यासारखा बसून राहिलो. काय स्थिर माणूस, म्हणे! अडीच आठवडे त्याच्या कानाशी बसलो होतो मी. आवाजाचा डॉक्टर.

दुपारी बंकट आला. अण्णांनी त्याला चारचौघांत झापलं होतं. विचारलं, "काय झालतं?" खोकं तू ठेवायला लावलंस, हे जिभेवर आलं. पण मग त्यानं पुढचं विचारलं असतं – त्रिंबकनं तारा का धरल्या नाहीत? म्हणालो, "माझीच चूक. डब्यातल्या वायरचं सोल्डर सुटलं." तो माझ्याकडं बघत राहिला. मग गेला.

एकवीस वर्षांत माझं सोल्डर कधी सुटलेलं नाही. हे इथं लिहून ठेवतो, दुसरीकडं कुठं सांगता येणार नाही.

१८ मे

मला आता गावात 'भोंगा' म्हणतात. दोन टीव्ही लोकांनी दुरुस्त न करताच परत नेले. शिवकांता सुपारीच्या डब्यावरून बोलायची थांबली, एवढाच फायदा.

२१ मे, रविवार

बंकट एकटाच आला. चहा नको म्हणाला.

"डबा उघडून बगितला म्या. सोल्डर जाग्यावर हाय. कावून खोटं बोललास?"

मी काउंटरवरचा रेडिओ पुढं ओढला. मग तोच म्हणाला,

"त्रिंबकला ऐकू येत न्हाई, मला चार वर्सं ठावं हाय. जनरेटरच्या धडधडीत त्याला आपलं वाजवलेलं छातीला बी लागंना झालतं. म्हनून पिकअप. म्हनून खोकं त्याच्या पाठीशी. अण्णाचं लगीन निस्तं निमित्त."

उठला. पायरीवर थांबून म्हणाला, "मला ठावं हाय, हे त्या दोघान्ला कळू देऊ नको."